दुसरी बाटली

दादाच्या डाव्या हाताचं कोपर कधी पूर्ण सरळ झालं नाही. काटकोनाच्या जरा पुढे आलं की ते अडकायचं, आणि तो त्याचंही भांडवल करायचा. "चाकाला भिंग धरायला नेमका मापात घडवलाय मला," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. मी आतल्या खोलीत दातओठ खात बसायचे, कारण त्या कोपराला कोणी घडवलेलं नव्हतं. लहानपणापासून आत रक्त साठून साठून तो सांधा झिजून गेला होता.

तो चष्मे बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पाण्यात फिरणारं घासायचं चाक, शेजारी चिमुकल्या स्क्रूंच्या डब्या, आणि भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. भिंगाची कड चाकावर घासून ती फ्रेममध्ये अशी बसवायचा की कुठे केसाएवढी फट राहायची नाही. मागच्या दोन खोल्यांत तो, वहिनी आणि त्यांची मुलगी राहायची. वरच्या खोलीत मी. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, लग्न केलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे, हे मला पुष्कळांनी सांगितलेलं आहे.

दादाला हिमोफिलिया होता. म्हणजे रक्त गोठायला जे लागतं, ते त्याच्या अंगात जन्मापासून फार थोडं होतं. लोकांना वाटतं, अशा माणसाला टाचणी टोचली तरी तो संपला. तसं नसतं. बाहेरची जखम दाबून धरली की थांबते. भिंगाच्या काचेनं त्याची बोटं रोज कापायची, तो फडकं गुंडाळून पुढचं काम घ्यायचा. खरा त्रास आत. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात काही कारण नसताना रक्त सुटायचं, सांधा नारळाएवढा सुजायचा, आणि मग आठ-पंधरा दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

आमचा सगळ्यात मोठा भाऊ सहा वर्षांचा असताना पायरीवरून पडून डोक्याला लागून गेला. तेव्हा घरात या आजाराचं नावही कोणाला माहीत नव्हतं. दादाच्या वेळेला आईनं जी धास्ती घेतली ती मरेपर्यंत सोडली नाही. त्याच्या पँटला गुडघ्यावर आतून कापसाच्या गाद्या शिवायची. कुठे आपटला असं कळलं की महिनाभर बिछान्यात. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं की आईला सांगायचं नाही. त्याला लागलं की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून गुपचूप बर्फ आणायचे. मी काही फोडलं, हरवलं, की तो ते आपल्या अंगावर घ्यायचा, कारण त्याला कोणी मारत नसे. आमचं हे फार छान चालायचं. एकदा त्यानं घोटा दुखत असताना आठ दिवस आईपुढे हसत चालून दाखवलं, आणि तो घोटा कायमचा गेला.

तो बत्तीस वर्षांचा असताना आमच्याकडे फॅक्टरच्या बाटल्या मिळायला लागल्या. रक्तात जे कमी, तेच पावडर करून बाटलीत भरलेलं. रक्ताच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी होत्या. त्यांच्याकडून महिन्याच्या बाटल्या आणायच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या, आणि दुखायला लागलं की घरीच टोचायच्या. पाणी घालून बाटली हलवायची नाही, नुसती तळहातावर फिरवायची. फेस येता कामा नये. शीर सापडली की सावकाश सोडायचं. तिथल्या नर्सनं मला हे दोन दिवसांत शिकवलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." ते वाक्य मी आयुष्यभर मिरवलं. दादा मला तेव्हापासून सुईबाई म्हणायला लागला.

वहिनी त्याच्या आयुष्यात आल्या त्या त्यांच्या आईचा चष्मा दुरुस्तीला घेऊन. दांडीचा एक स्क्रू बसवायचा होता, दोन मिनिटांचं काम. दादानं तीन आठवडे लावले. दर खेपेला "फ्रेम जरा नाजूक आहे" म्हणायचा. शेवटी त्यांच्या आईनंच येऊन विचारलं की चष्मा द्यायचाय की मुलगी ठेवून घ्यायचीय. आजाराचं सगळं ऐकून, माहेरच्यांशी वाकडं घेऊन वहिनींनी लग्न केलं. पण सुई बघितली की त्यांना चक्कर यायची. त्यामुळे लग्नानंतरही दादाच्या शिरा माझ्याच ताब्यात राहिल्या. वहिनींना ते खुपत असणार. मला ते आवडत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घरात एकच नियम होता. दुखलं की आधी सुई, मग चौकशी. वाट बघितली की सांधा गेलाच म्हणून समजायचं. हे आम्हाला डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, की एका बाटलीनं दोन तासांत उतार पडला नाही, तर दुसरी देण्याआधी मला फोन करा. तो फोन आम्ही सुरुवातीला करायचो. पुढे पुढे मी माझ्याच अंदाजानं दुसरी द्यायला लागले आणि वहीत नंतर नोंद करायचे. अंदाज कधी चुकला नव्हता.

हृदयाचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या शिरा कशाला तुंबतील, असं आम्ही धरूनच चाललो होतो. दादा तर फुशारकी मारायचा, "मला बाकी काहीही होईल, पण हार्ट अटॅक येणार नाही, ते खातं बंद आहे." गुडघ्यामुळे चालणं नाही, दिवसभर खुर्चीत, वजन वाढलेलं, ब्लडप्रेशरची गोळी आठवली तर घ्यायची. शिरांच्या आत चरबीचे थर चढत होते, त्याला रक्त कसलं आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तो एकोणसाठ वर्षांचा होता. दुपारी तीनच्या सुमारास चाकाचा आवाज थांबला. मी रजेवर होते, बाहेर येऊन बघितलं तर तो डावं कोपर उजव्या हातात धरून बसला होता.

"कोपर?" मी विचारलं.

"कोपरच असणार. पण वरून खाली उतरतंय."

"काल त्या जाड भिंगांवर बसला होतास ना तीन तास. मग दुसरं काय होणार?"

साडेतीनला मी पहिली बाटली दिली. बर्फ लावला. त्याला पलंगावर टेकून बसवलं. एरवी तासाभरात त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरायचा, त्या दिवशी उतरला नाही. त्याला घाम येत होता. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वन्सं, हे नेहमीचं दिसत नाही. कोपर सुजलेलंसुद्धा नाहीये. डॉक्टरीणबाईंना फोन करूया."

मी म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी बघतेय. तुम्हाला सुई बघून चक्कर येते. तुम्ही चहा टाका."

त्यांनी बर्फाचं रिकामं भांडं उचललं. आत गेल्या. त्या आत गेल्यावर, पाचला पाच कमी असताना, मी दुसरी बाटली काढली. दादानं हात पुढे केला. सुई बाहेर काढल्यावर वहिनींच्या पावलांचा आवाज आला, आणि मी रिकामी बाटली माझ्या पर्समध्ये टाकली. का टाकली? नुकतंच त्यांना गप्प केलं होतं आणि पहिली बाटली लागू पडली नव्हती, हे मला त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

सव्वापाचला दादाला उलटी झाली आणि तो म्हणाला, "जबडा दुखतोय." वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही. अनवाणी बाहेर गेल्या आणि नाक्यावरची टॅक्सी घेऊन आल्या. तो हॉस्पिटलात जिवंत पोचला तो त्यांच्यामुळे.

तिथे छातीला तारा लावून कागद बाहेर येईपर्यंत पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, मुख्य शीर बंद होतेय, लगेच आत नळी घालून स्टेंट टाकावा लागेल. मग त्यांनी हिमोफिलिया हा शब्द ऐकला आणि ते क्षणभर थांबले. स्टेंट टाकायचा तर रक्त पातळ करणारी औषधं द्यावी लागतात. याचं रक्त तर आधीच तसलं. त्यासाठी आधी फॅक्टर पुरेसं हवं. पण ते जास्त झालं तर शिरेत गुठळी होणार. कमी झालं तर रक्तस्राव, जास्त झालं तर गुठळी. आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला गेला. फॅक्टर किती आहे ते मोजायची सोय त्या हॉस्पिटलात नव्हती, नमुना बाहेर पाठवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी. म्हणजे हिशोब आमच्या सांगण्यावर.

एक तरुण डॉक्टर फोन कानाला लावून आमच्याकडे आला. दादा चाकाच्या खाटेवर होता, शर्ट कापलेला. वहिनी त्याचे बूट छातीशी धरून उभ्या होत्या.

"मॅडम विचारतायत, आज फॅक्टर किती वेळा दिलंय?"

मी वहिनींकडे बघितलं आणि म्हणाले, "एकदा. साडेतीनला."

दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. तो डॉक्टर फोनवर म्हणाला, "एकदाच, साडेतीनला," आणि पलीकडून आलेला आकडा तळहातावर लिहून घेतला. तेवढं फॅक्टर दादाला आणखी देण्यात आलं, आणि त्याला आत नेलं.

त्या क्षणी मला हिशोब कळला नव्हता, असं मी म्हणू शकते. ते खरंही आहे. प्रश्न रागावण्यासाठी विचारलाय असंच मला वाटलं होतं. पण दार बंद झाल्यावर पाच मिनिटांत मला तो कळला. त्यानंतर दार उघडायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी बाकावर वहिनींच्या शेजारी बसून होते. वहिनींनी माझा हात घट्ट धरलेला होता आणि पर्स माझ्या मांडीवर होती. उठून दार वाजवायचं होतं, बाकी काही नाही. मी आधी ठरवलं, डॉक्टर बाहेर आले की सांगते. डॉक्टर हसत बाहेर आले, स्टेंट व्यवस्थित बसला म्हणाले. मग मी ठरवलं, आता सगळं नीट झालंय तर कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो स्टेंट गुठळीनं बंद झाला. दादा वहिनींच्या हातून पाणी पीत होता, पेला तसाच खाली पडला. परत आत नेलं, शीर परत उघडली, पण या वेळेला फार उशीर झाला होता. हृदयाचा मोठा भाग मेला. उरलेल्यावर भागवायचं होतं.

दुपारी फॅक्टरचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई स्वतः गाडी करून आल्या होत्या. त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "एवढं वर कसं गेलं? असो, अंगावर मोठा ताण आला की हे शरीरात आपोआपही थोडं वाढतं. तसंच काहीतरी झालं असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण वही माझ्याकडे असायची. मी मान डोलावली. दुसऱ्या बाटलीमुळेच ते झालं, असं आजही कोणी खात्रीनं सांगू शकणार नाही. काही माणसांचा स्टेंट तसाही बंद होतो. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते शब्द ऐकूही येत नाहीत.

त्यानंतर दादा दोन वर्षं आणि चार महिने जगला. हृदयाचे डॉक्टर सांगायचे, पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंट पुन्हा बंद. डॉक्टरीणबाई सांगायच्या, गोळ्या चालू आहेत तोवर दिवसाआड फॅक्टर चुकवायचं नाही, नाहीतर कुठेही रक्त सुटेल. दोघंही बरोबर होते, हीच आमची अडचण होती. सकाळी रक्त पातळ करायचं आणि दिवसाआड तेच रक्त गोठण्याच्या लायकीचं करायचं. दादा म्हणायचा, "माझ्या अंगात दोन सरकारं आहेत."

हिरड्यांतून रक्त यायचं. उशीचा अभ्रा रोज धुवावा लागायचा. एकदा नाकातून सुरू झालं ते सहा तास थांबलं नाही. तेव्हा हृदयाचे डॉक्टर एक गोळी बंद करायला तयार झाले, पण ती बंद केल्यावर आठ दिवस आम्ही दादाच्या प्रत्येक श्वासाकडे बघत होतो. दिवसाला पाणी किती प्यायचं ते ठरलेलं. वहिनी मापाच्या बाटलीत सकाळीच भरून ठेवायच्या आणि दादा औषधाच्या नावाखाली एक घोट जास्त मागायचा. जेवणात मीठ नाही. पाय सुजायचे, ते सुजले की हातही फुगायचे, आणि मग शिरा सापडायच्या नाहीत. ज्या शिरा मी डोळे मिटून शोधायचे, त्या बोटाखालून निसटून जायला लागल्या. चाक त्यानं दुसऱ्या एका चष्मेवाल्याला देऊन टाकलं. डाव्या हातानं भिंग धरलं की धाप लागायची. खिडकीपाशी बसून तो फक्त स्क्रू आवळून द्यायचा, नाकपट्ट्या बदलायचा, आणि दोन चष्म्यांनंतर टेबलावर डोकं टेकायचा.

सुई मीच देत राहिले. दुसरं कोण देणार? आता वही वहिनी लिहायच्या, आणि मी प्रत्येक वेळेला त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचे, "एक." दादा तेव्हा खिडकीबाहेर बघायचा.

दीड वर्षानंतर एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. मी त्याच्या हाताला पट्टा बांधला, तो सोडला, आणि खाली बसले.

"दादा, त्या दिवशी मी दोन दिल्या होत्या."

"माहीत आहे की. हात माझाच होता."

"मग हॉस्पिटलात बोलला का नाहीस?"

त्याला बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागायचा. मग म्हणाला, "मला वाटलं तू सांगशील. तू एक म्हणालीस, तेव्हा वाटलं तुझी वहिनी समोर आहे म्हणून म्हणतेय, बाजूला जाऊन सांगेल. आत नेलं तेव्हाही वाटत होतं, सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी पेला पडला तेव्हा कळलं, की नाही सांगितलंस."

मी रडले. माझ्यासारखी बाई रडते तेव्हा फार वाईट आवाज येतो. त्यानं मला रडू दिलं, डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. तो रागावलेला होता आणि त्याला रागवायलाही दम पुरत नव्हता.

"वहिनींना सांगू?" मी विचारलं.

"आता नको. मी गेल्यावर या घरात तुम्ही दोघीच उरणार. मग तिनं बोलायचं कोणाशी?" आणि हात पुढे करून म्हणाला, "टोच आता. हातावरचं स्पिरिट वाळत चाललंय."

तो गेला तो सकाळी नऊ वाजता, खुर्चीत, कोणाच्या तरी चष्म्याची दांडी मांडीवर ठेवून. रक्त कुठेच सुटलं नव्हतं आणि शीर कुठलीही बंद झाली नव्हती. हृदय थकलं होतं, ते थांबलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगायच्या. "वन्संनी त्या दिवशी वेळेवर सुई दिली, म्हणून आणखी दोन वर्षं तरी मिळाली. डॉक्टरांना जमलं नसतं ते यांनी केलं." वास्तविक त्या दिवशी त्यांनी फोन करू म्हटलं होतं आणि मी त्यांना चहा टाकायला पाठवलं होतं. ते त्या विसरल्या, की माझ्यासाठी विसरल्या, मला ठरवता येत नाही. मी शेजारी बसून ऐकायचे. पहिल्यांदा मी पाणी आणायला म्हणून उठायचे. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याची मला जास्त लाज वाटते.

आम्ही दोघी त्या घरात राहिलो. दादानं म्हटल्याप्रमाणे वहिनी माझ्याशी बोलायच्या. संध्याकाळचा चहा एकत्र, टीव्ही एकत्र, एकमेकींच्या दुखण्यांना नावं ठेवणं एकत्र. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांनी मला उचलून बसवलं. मला आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी एकच बाई मिळाली.

दादाच्या मुलीला मुलगा झाला. या आजारात बापाकडून तो दोष मुलीकडे येतोच, तिला स्वतःला फारसं काही होत नाही, पण पुढे तिच्या मुलाला तो निम्म्या वेळा येतो. आम्ही सगळे त्या निम्म्यावर आशा ठेवून होतो. नऊ महिन्यांचा असताना बाळ रांगायला लागलं आणि त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उठले. रिपोर्ट येण्याआधीच वहिनींनी फ्रिजमधला वरचा कप्पा रिकामा करायला घेतला.

परवा, रविवारी सकाळी, भाची सुई शिकायला आली. बाळाला दीड वर्ष पूर्ण झालंय. तिला आधी मोठ्या माणसाच्या शिरेवर सराव हवा म्हणून मी माझाच हात टेबलावर ठेवला होता आणि बाळ माझ्या मांडीवर होतं. वहिनी समोर खुर्ची ओढून बसल्या होत्या, तोंड जरा बाजूला करून.

"नीट बघून घे," वहिनी मुलीला म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या वेळेला तुझी आत्या एकदाही चुकली नाही."

भाचीनं पट्टा बांधला. तिचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा हलका होईल. बोटानं शीर चाचपत तिनं विचारलं, "आत्या, एका बाटलीनं थांबलं नाही तर? दुसरी द्यायची का? तू बाबांना द्यायचीस ना?"

बाळ माझ्या बांगडीशी खेळत होतं. त्याला कोपर आहे, गुडघे आहेत, आणि साठ वर्षांनी त्याच्याही शिरा तुंबतील. तोपर्यंत किती जण येऊन विचारतील, किती दिलं म्हणून. मी हे आधी घोकून ठेवलेलं नव्हतं. मला ते तिथेच सांगावं लागलं.

"आधी फोन करायचा," मी म्हणाले. "आणि दिलीच, तर सांगायचं. कोणीही विचारलं आणि समोर कोणीही उभं असलं, तरी सांगायचं. तुझ्या बाबांना त्या दिवशी मी दोन दिल्या होत्या. डॉक्टरांना एक सांगितली. त्यांनी तेवढ्यावर हिशोब धरून आणखी दिलं. दुसऱ्या दिवशी गुठळी झाली."

भाचीचं बोट माझ्या शिरेवर तसंच राहिलं. वहिनी आता सरळ माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. मी त्याच्यासाठी तयार होते, किंबहुना मला तेच हवं होतं.

"यांना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला ती शेवटची संधी होती, आणि या वेळेला ते कोणाच्या तरी भल्याचं झालं असतं.

"हो," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी एक म्हणाले तेव्हा त्यानं ऐकलं होतं."

"आणि तुम्ही दोघं यावर बोललात."

"एकदा."

"मी कुठे होते?"

"औषधं आणायला गेला होतात."

वहिनी उठल्या. त्यांनी बाळाची बोटं माझ्या बांगडीतून एक एक करून सोडवली, त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि खांद्यावर घेतलं. "दोन वर्षं मी यांचं पाणी मोजलं," त्या म्हणाल्या. "एक घोट जास्त मागायचे, तो मी दिला नाही. तहानलेले गेले. आणि तुम्ही दोघं मला सांगायचं नाही म्हणून ठरवून बसलात." त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आत बाळ रडायला लागलं, त्याला गप्प करायला त्या काही बोलत होत्या, पण काय ते ऐकू येत नव्हतं.

भाची उठून गेली नाही. तिनं डोळे पुसले, हात परत साबणानं धुतले आणि माझ्या हातावरचा पट्टा घट्ट केला. शीर तिला तिसऱ्या खेपेला सापडली.